नमुना, मोहोर आणि जामीन



शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो, आणि स्वयंपाकघरात ते रास्तही आहे. पातेले एक, चूल एक, तांदूळ एका जातीचा. एक शीत दोन बोटांत दाबले की खालच्या भाताची हकीकत कळते. पण पंगतीसाठी वीस पातेली वीस चुलींवर चढलेली असताना एकातले शीत दाबून वीसही शिजली असे सांगणाऱ्या आचाऱ्याला कोणी पुन्हा बोलावणार नाही. त्यातच ते शीत कोणी काढले हे नक्की सांगता येत नाही आणि मधले दोन महिने ते कोणाच्या तरी फडताळात पडून होते असे निघाले, तर मग बोलावयासच नको. आजचा विषय म्हटला तर एवढाच आहे. फरक इतकाच, की येथे पंगत अर्धपोटी उठत नाही. एक माणूस तुरुंगात बसून राहतो.

अमली पदार्थांच्या खटल्यात जप्त मालाचा नमुना सदोष रीतीने घेतला गेला असेल, तर आरोपीला जामीन द्यावा की नाही, या प्रश्नावर आपली उच्च न्यायालये गेली काही वर्षे एकमेकांहून वेगळी बोलत होती, आणि सर्वोच्च न्यायालयानेही अलीकडेच दोनदा त्यात लक्ष घातले. प्रश्न वकिलांचा वाटतो, पण त्याचा इतिहास जुना व बराच रंगतदार आहे. तो थोडा मागून सुरू करतो.

आपल्या देशात अफूचा नमुना प्रथम काळजीपूर्वक काढला तो पोलिसांनी नव्हे, व्यापाऱ्याने. आणि तो व्यापारी म्हणजे खुद्द सरकार. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीच्या हाती घेतला, आणि १७९७ पासून कंपनी स्वतःच शेतकऱ्यांकडून अफू घेऊ लागली. पाटणा व गाझीपूर येथील कोठ्यांत शेतकरी मडक्यांतून चीक आणून घालीत. तेथे ‘परखिया’ नावाचा एक पगारी पारखी असे. तो हाताने, नाकाने, डोळ्याने माल पाही. त्याउपर मालातून थोडा भाग तोलून घेऊन वाफेवर सुकवीत आणि उरलेल्या वजनावरून त्याचा कस ठरवीत. कसावर भाव आणि भावावर शेतकऱ्याचे वर्ष. मालात भेसळ निघाली तर माल सरकारजमा. सांगावयाचा मुद्दा असा, की मालाचे पैसे आपल्या खिशातून जावयाचे असले म्हणजे नमुना कसा घ्यावा हे सरकारला उत्तम कळत होते.

माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई, आणि तिच्यावर कंपनी परवाना-शुल्क घेई. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीतही चीनकडच्या अफूचा व कापसाचा वाटा मोठा होता. त्या काळी हा गुन्हा नव्हता, प्रतिष्ठित धंदा होता. तेव्हा आजच्या मापाने त्यांना मोजू नये. १८५७ व १८७८ चे अफूचे कायदे झाले तेही मुख्यतः महसूल सांभाळण्यासाठी. चोरटी अफू बाळगणारा हा समाजाचा शत्रू म्हणून नव्हे, तर सरकारचा कर बुडविणारा म्हणून पकडला जाई.

गांजाच्या बाबतीत १८९३-९४ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल लिहिला. गांजाने माणसे वेडी होतात हा त्या वेळचा पक्का समज, आणि त्याला आधार वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांचा. १८९२ सालच्या नोंदींत २२२ रोग्यांपुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेले होते. आयोगाने हे एकेक प्रकरण पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा टिकली ती शंभराहूनही कमी. बाकीच्यांचे काय झाले होते? रोग्याला आणून सोडणारा पोलीस शिपाई जे कारण सांगे तेच पुष्कळदा वहीत उतरे, आणि कारणाचा रकाना कोरा ठेवणे कोणाला बरे वाटत नसे. पोलिसाने दुष्टपणा केला होता असे नाही. त्याला एक रकाना भरावयाचा होता, इतकेच. पण त्या रकान्यांची बेरीज होऊन एका साम्राज्याचे मत बनले होते. मागाहून कोणी तरी तिऱ्हाइताने ते रकाने तपासले म्हणून चूक सापडली.

तो तिऱ्हाईत कोण, हा प्रश्न मनात ठेवून आपण महाराष्ट्रात येऊ.

अमली पदार्थांचा आजचा कायदा येण्यापूर्वी नमुन्याचा वाद आपल्याकडे गाजला तो दारूबंदीच्या निमित्ताने. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बालसरा खटल्यात त्यातून औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांची सुटका केली, आणि लगेच अशी स्थिती आली की तोंडाला वास आला तरी आरोपी म्हणे, मी औषध घेतले होते. मुंबईतील एका जीपचालकाचा असाच खटला १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे होता. त्याचे म्हणणे, आपण ‘बी. जी. फॉस’ नावाचे टॉनिक घेतले. तोंडाच्या वासावर खटला उभा राहत नाही हे उमगल्यावर १९५९ मध्ये रक्ततपासणी आली. रक्तात शंभर भागांस ०.०५ भाग मद्यार्क आढळला, तर औषध घेतल्याचे सिद्ध करणे आरोपीवर. एवढे मोठे ओझे एका कुपीवर टाकावयाचे म्हणून सरकारने नियमही काटेकोर केले: रक्त कोणी काढावयाचे, कुपी कशी बंद करावयाची, मोहोर कशी लावावयाची, रासायनिक परीक्षकाकडे कशी पाठवावयाची. १९६१ च्या एप्रिलात धुळ्याकडे झालेल्या एका मोटार अपघाताचा खटला १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यात कळीचा प्रश्न हाच होता की रक्ताची कुपी मधल्या दिवसांत होती कोठे व कोणाच्या ताब्यात. मराठी मुलुखातील फौजदारी वकिलांची एक पिढी या कुपीवर वाढली असे म्हटले तरी चालेल.

अन्नभेसळीचा १९५४ चा कायदा तर याहून उदार. त्यात निरीक्षकाने नमुन्याचे तीन भाग करावयाचे आणि त्यांपैकी एक दुकानदाराच्याच हाती द्यावयाचा, अशी मूळ योजना होती. म्हणजे तुपात डालडा मिसळल्याचा ज्याच्यावर संशय, त्या वाण्यालाही आपला नमुना स्वतंत्रपणे तपासून घेण्याची सोय. अमली पदार्थांत हे शक्य नाही हे उघड आहे. आरोपीला अर्धा तोळा चरस परत देऊन ‘घ्या, तपासून आणा’ असे कोणी म्हणणार नाही. पण मग त्याच्या वाट्याचा तो तिसरा भाग सांभाळावयाचा कोणी? माझ्या मते या साऱ्या वादाचे मूळ या प्रश्नात आहे.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि तिच्या ओघाने १९८५ चा कायदा आला. त्याचे सरकारी मराठी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असे आहे. ते एका दमात म्हणता येत नसल्याने कोर्टात सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. शिक्षा किमान दहा वर्षे, दंड किमान एक लाख. स्वतःच्या सेवनापुरती अगदी थोडी मात्रा असेल तरच सौम्य शिक्षा, आणि चरसाच्या बाबतीत ती मर्यादा ५ ग्रॅमची.

या मर्यादेवर गोव्यातील एक खटला उभा राहिला. एका परदेशी प्रवाशाकडे चरसाचे दोन तुकडे सापडले, एक ७ ग्रॅमचा व दुसरा ५ ग्रॅमचा. मिळून १२ ग्रॅम, म्हणजे दहा वर्षे. पण तपासणीसाठी पाठविला गेला एकच तुकडा, आणि तोही धाकटा! १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चरस म्हणून सिद्ध झाला तो तेवढाच तुकडा; दुसरा चरस असेलही, पण तो तपासलाच नाही. दहा वर्षांची शिक्षा गेली आणि तिच्या जागी काही महिन्यांची आली. दोन्ही तुकडे दिसावयास सारखे होते असे कोणी म्हणेल. असतील. पण दिसण्यावरून दहा वर्षे द्यावयाची असतील, तर प्रयोगशाळा तरी कशास हवी?

मधल्या काळात कायदा आणखी कडक झाला होता. १९८९ च्या दुरुस्तीने जामिनाचे ३७ वे कलम आजच्या रूपात आले, आणि त्याचे कारण देताना सरकारने सांगितले की मोठमोठे गुन्हेगार तांत्रिक कारणांवरून जामिनावर सुटत आहेत. तक्रार खोटी नव्हती. मुंबईसारख्या बंदरात या व्यापारामागे मोठा पैसा होता, आणि जामिनावर सुटलेला परदेशी वाहक पुन्हा तोंड दाखवील याची खात्री कोण देणार? म्हणून नियमच उलटा केला. एरवी जामीन देताना आरोपी पळेल का, साक्षीदार फोडील का, एवढे न्यायालय पाहते; येथे आरोपी निर्दोष आहे असे मानण्यास वाजवी कारण आहे, आणि सुटल्यावर तो असा गुन्हा करणार नाही, अशा दोन्ही गोष्टींबद्दल न्यायाधीशाचे समाधान व्हावयास हवे. खटला चालण्याच्या आधीच निर्दोषपणाची चाहूल लागली पाहिजे! २००१ मध्ये मात्रांचे तीन थर झाले आणि ३७ व्या कलमाची ही अट मुख्यतः व्यापारी मात्रेपुरती राहिली. गांजाची व्यापारी मात्रा २० किलो, चरसाची १ किलो, हेरॉईनची २५० ग्रॅम, अफूची अडीच किलो. तेव्हापासून जामिनाचा दरवाजा उघडा की बंद हे तराजूच्या काट्यावर ठरू लागले.

त्याच १९८९ च्या दुरुस्तीत आणखी एक कलम शांतपणे येऊन बसले होते: ५२-अ. जप्त मालाची यादी करावी, न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, त्याच्या समक्ष नमुने घ्यावेत, आणि त्याने ते बरोबर असल्याचे प्रमाणपत्र द्यावे. मघाचा तिऱ्हाईत तो हाच. पण गंमत अशी, की त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने काढलेल्या स्थायी आदेशात नमुने जप्तीच्या जागीच, पंचांसमक्ष, दोन प्रतींत घ्यावेत असे लिहिले होते. अफू, गांजा व चरस यांचा नमुना २४ ग्रॅमचा, बाकीच्यांचा ५ ग्रॅमचा. आणि पुडकी पुष्कळ असतील तर त्यांचे गट पाडावयाचे. अधिकाऱ्यांनी साहजिकच सोपा रस्ता धरला. रस्त्यावर गाडी अडवली, दोन पंच उभे केले, ताडपत्रीवर माल ओतला, नमुना काढला, लाख लावली. ५२-अ हे केवळ माल नष्ट करण्यासाठीचे कलम आहे असा समज सत्तावीस वर्षे चालला. २०१६ साली मोहनलाल खटल्यात सरन्यायाधीश ठाकूर यांच्या पीठाने तो मोडला. पोलीस ठाण्यांच्या कोठारांत वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल, त्याच्या चोरीची व अदलाबदलीची भीती, हे सारे त्या निकालात आले, आणि नमुने दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली व त्याच्या समक्षच घेतले पाहिजेत असे स्पष्ट सांगितले गेले.

यात जामिनाचा संबंध कोठे येतो हे उदाहरणाने सांगतो. समजा, एका हमालाच्या डोक्यावरील गोणीत एकेक किलोची चोवीस पुडकी सापडली. अधिकाऱ्याने सगळी फोडून ढीग केला, कालवला आणि त्यातून २४ ग्रॅमचे दोन नमुने घेतले. प्रयोगशाळा म्हणते, गांजा आहे. असेल. पण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवायचा नुसता पाला व बी त्यात येत नाही. चोवीसपैकी पाच पुडक्यांत नुसता पाला असेल, तर उरतो १९ किलो. म्हणजे व्यापारी मात्रा नाही, म्हणजे ३७ व्या कलमाची अट नाही, म्हणजे एरवीच्या नियमांनी जामीन. कालवल्यामुळे हे कळण्याची वाटच बंद झाली. एकदा कालवलेला ढीग कोणत्याही न्यायाधीशाला पुन्हा वेगळा करता येत नाही. अशा मिसळलेल्या मालाच्या काही प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला, तो याच विचाराने.

आता दुसरी बाजू. रात्री दोन वाजता महामार्गावर ट्रक अडविणाऱ्या अधिकाऱ्याकडून प्रयोगशाळेची शिस्त मागावी काय? नमुना ७२ तासांत न जाता पाचव्या दिवशी गेला म्हणून हेरॉईनचे हेरॉईनपण जाते काय? ज्यांच्या घरात एखादे पोर या व्यसनात गेले आहे त्यांना हे प्रश्न विचारण्याचा पुरा हक्क आहे. आणि माझे मत विचाराल तर केवळ उशीर हे जामिनाचे कारण होऊ नये. पण उशीर आणि गैरहजेरी यांत भेद आहे. दंडाधिकारी चार आठवड्यांनी आला तर वजने तरी जुळवून पाहता येतात. तो आलाच नाही, तर जुळवावयाचे कशाशी? पहिल्याला मी ढिलाई म्हणेन. दुसऱ्यात पुराव्याची जागाच रिकामी राहते.

आणि जामीन नाकारणे म्हणजे काय हेही विसरून चालत नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या कच्च्या कैद्यांच्या अर्जावरून असे ठरले, की किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा आरोप असलेल्याने पाच वर्षे तुरुंगात काढली असतील, तर त्याला अटींवर सोडावे. दोषी ठरण्यापूर्वीची पाच वर्षे! मार्च २०२३ मध्ये न्या. रवींद्र भट यांच्या पीठाने सात वर्षांहून अधिक काळ खोळंबलेल्या एका गांजाच्या आरोपीला जामीन दिला, आणि खटल्याच्या विलंबापुढे ३७ व्या कलमाचा आडसर चालणार नाही असे म्हटले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वीस किलो हेरॉईनच्या एका प्रकरणात, दंडाधिकाऱ्यासमक्ष नमुने घेतल्याचा पुरावाच नाही म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. तो माल पकडला होता २००० साली. वीस किलो हेरॉईन ही थोडकी गोष्ट नव्हे. आरोपी खरेच दोषी असेल, तर एका अर्जाच्या अभावी तो सुटला, आणि निर्दोष असेल, तर त्याच अर्जाच्या अभावी त्याला तेवीस वर्षे निकालाची वाट पाहावी लागली. नुकसान कोणाचे झाले हे सांगता येत नाही हेच त्यातले वाईट.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने जप्ती, साठवण व नमुन्यांचे नवे नियम काढले, आणि नमुना जागेवर नव्हे तर दंडाधिकाऱ्यासमोर, प्रत्येक पुडक्यातून, दोन प्रतींत घ्यावयाचा असे एकदाचे लिहिले. त्यानंतर न्यायालयाचा काटा थोडा दुसरीकडे झुकला. २० डिसेंबर २०२४ रोजी न्या. बेला त्रिवेदी व न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी दिल्लीच्या एका प्रकरणात सांगितले, की ५२-अ पाळण्यात दोष राहिला अथवा उशीर झाला, तर तेवढ्यावरून जामीन मिळू शकत नाही. ३७ व्या कलमाच्या कसोट्या स्वतंत्रपणे पाहिल्याच पाहिजेत. उच्च न्यायालयाने त्या पाहिल्या नव्हत्या म्हणून अर्ज नव्याने ऐकण्यासाठी परत गेला. पुढे तीन आठवड्यांच्या आत, ६ जानेवारी २०२५ रोजी, न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांनी छत्तीसगडच्या एका गांजाच्या अपिलात याची मांडणी अधिक नेटकी केली. नियम मोडला एवढ्याने खटला कोसळत नाही. त्या मोडण्यामुळे माल खरोखर सापडला होता का, आणि सापडला तोच तपासला गेला का, याबद्दल शंका उभी राहावयास हवी. नियम पाळले गेले नाहीत हे आरोपीने प्रथम दाखवावयाचे, तेही शंभर नंबरी नव्हे, संभाव्यतेच्या पारड्यात भरेल इतके. मग सरकार पक्षाने उत्तर द्यावयाचे.

मला ही मांडणी पटते, पण तुरुंगातल्या माणसाला ती जामिनाच्या वेळी कशी वापरता यावी, हा प्रश्न उरतो. साक्षीपुरावा अजून झालेला नाही. पंचांची उलटतपासणी वर्ष-दोन वर्षे दूर आहे. माल त्याच्या हाती नाही. त्याच्या वकिलाजवळ असतात तीन-चार कागद. त्यांत जप्तीच्या पंचनाम्यातील वजन, दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रातील वजन आणि प्रयोगशाळेने नमुना उघडताना नोंदविलेले वजन, असे तीन आकडे. मोहोरेच्या ठशाचे वर्णन तीनदा. आणि मुद्देमाल कारकुनाच्या वहीतील आत-बाहेर केल्याच्या तारखा. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केल्यामुळे त्या कागदांत एका चित्रफितीची भर पडली आहे. हल्ली जाणते वकील जामिनाच्या अर्जात कलमांचा पाढा कमी वाचतात आणि हे आकडे एकाखाली एक मांडून न्यायाधीशापुढे ठेवतात: पंचनाम्यात पुडकी चोवीस, प्रमाणपत्रात तेवीस; ठाण्यातून नमुना निघाला सोमवारी, प्रयोगशाळेत पोचला पुढल्या गुरुवारी, मधल्या दिवसांची वहीत नोंद नाही. मग सरकारी वकील उठतात, आणि त्या मधल्या दिवसांचा हिशेब देऊ लागतात.